सुईदोरा आणि बडोद्याची मराठी घरे

बडोद्यातल्या मराठी माणसांचा इतिहास म्हटला की गायकवाडांच्या स्वाऱ्या, सरदारांचे वाडे, दरबार आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सुधारणा आपल्या डोळ्यांपुढे येतात. ते साहजिकच आहे. १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले आणि पुढच्या काळात लष्करामागून कारकून, भिक्षुक, वैद्य, शिंपी, सोनार अशी कितीतरी कुटुंबे देशावरून आणि कोकणातून इथे येऊन राहिली. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी त्यातलीच. पूर्वजांना कोणती असामी मिळाली, कोणत्या खात्यात ते होते, इनाम कुठे होते, हे आपण घरोघरी अभिमानाने सांगतो. या लेखात मात्र आम्ही अशा एका कामाविषयी लिहिणार आहोत ज्याची नोंद कोणत्याही सनदेत नाही, पण ज्याच्यावाचून यातले एकही घर चालले नसते. ते काम म्हणजे घरातले शिवण.

आम्ही सरकारी नोकर. जुने कागद कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवायची रीत आम्ही कचेरीत पाहिलेली आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद असेच रुमालांत बांधलेले आहेत आणि तिथले अभ्यासक ‘अमुक क्रमांकाचा रुमाल’ असेच म्हणतात. म्हणजे आपल्या इतिहासाचे कागद कापडाने सांभाळले. कापडाचा इतिहास मात्र कुणी कागदावर उतरवला नाही. तो घरच्या पेट्यांत, फडताळांत आणि वयस्कर बायकांच्या बोलण्यात राहिला. तेवढा तरी गोळा करावा, हा या लेखाचा हेतू.

शिंप्याचे काम आणि घरचे काम

आपला जुना पोशाख बराचसा न शिवलेलाच होता. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे यांना सुई लागत नसे. अंगरखा, बाराबंदी, बंडी यांचे काम शिंप्याकडे जाई. शिंप्याच्या व्यवसायाला आपल्याकडे मोठा मान. संत नामदेव जातीने शिंपी. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात त्यांनी आपल्या भक्तीला गज आणि कात्री या शिंप्याच्याच हत्यारांची उपमा दिली आहे.

पण शिंप्याकडे न जाणारे कामही पुष्कळ होते. खणाची चोळी घरची बाई हातानेच शिवत असे. एका खणात एक चोळी बसे, पुढे गाठ मारायची असल्याने बटणे-काजांचा प्रश्न नव्हता. लहान मुलांची झबली, टोपडी, लंगोट, कुंची, पैसे आणि सुपारी ठेवायचा बटवा, पानाची चंची, जपाची गोमुखी, पोथी बांधायचा रुमाल, देवघरातले आसन, उशांचे अभ्रे, हे सगळे घरचे. आणि या सर्वांत मोठे काम गोधडीचे.

यासाठी लागणारे टाके थोडेच होते. कापड जोडायला धावदोरा, पक्के करायला उलटी टीप, कडेला दुमड घालून हेम, फाटले तर ठिगळ. एवढे येणाऱ्या मुलीला सासरी अडत नसे. भरतकाम, कशिदा, क्रोशाचे काम ही पुढची पायरी. गुजरातेत राहिल्यामुळे आपल्या बायकांनी शेजारणींकडून कच्छी टाका उचलला आणि आरशांचे कामही शिकून घेतले. आजही बडोद्याच्या मराठी घरांत दिवाणावरच्या चादरीला किंवा दारावरच्या तोरणाला कच्छी टाका दिसतो, तो या शेजारधर्मातून आलेला आहे.

गोधडीचा हिशोब

गोधडी सर्वांना माहीत आहे, पण तिच्यात किती काम असते याचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. आम्ही पदविकाधारक माणूस, मोजमापाची सवय. तेव्हा तो मांडून पाहिला.

नऊवारी लुगडे म्हणजे साधारण ८.२ मीटर. त्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरहून थोडा लांब. रुंदी सव्वा वार, म्हणजे सुमारे १.१ मीटर. हे चार तुकडे एकावर एक ठेवले की एका माणसाच्या अंगावर घेण्याजोगी चार पदरी गोधडी झाली. दोन लुगडी घेतली तर आठ पदर, थंडीसाठी. लुगड्याचा विरलेला भाग आत जाई, धड राहिलेला वर आणि खाली येई, आणि काठ सोडवून चारी बाजूंनी लावले की कडा मजबूत. सगळे काही मापात. नऊवारी लुगडे जणू गोधडीसाठीच विणलेले असावे असे वाटते.

आता शिवण. बोटभर, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर १.१ मीटर रुंदीत ५५ ओळी येतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची. म्हणजे ११० मीटर शिवण. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर अकरा हजार टाके. सरावाचा हात तासाला चार मीटर शिवतो असे मानले, तरी सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतात. स्वयंपाक, पाणी, मुले, सोवळे-ओवळे हे सगळे सांभाळून दुपारचा एखादा तास मिळाला, तर एका गोधडीला जवळजवळ महिना. म्हणून हे काम चैत्र-वैशाखात काढत, पावसाळ्याच्या आत संपवत आणि शेजारणी एकमेकींना हात लावत. चार बाजूंना चौघी बसल्या की काम लवकर उरके. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत यायचे, ही सर्वांत प्रचलित पद्धत. अशी शिवली की आतले तुकडे सरकत नाहीत.

ही कला केवळ मराठी माणसाची आहे असे नाही. आपले गुजराती शेजारी तिला गोदडी म्हणतात, कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कच्छ-सिंधकडे रल्ली. नाव आणि नक्षी बदलते, विचार तोच. जुने सुती कापड फेकायचे नाही, त्याचे थर करून धावदोऱ्याने बांधायचे.

एका लुगड्याचे आयुष्य

जुन्या घरांत कापडाला निवृत्ती नव्हती. नवे लुगडे आधी सणावाराचे. मग रोजचे. विरले की मधून दांड घालून, म्हणजे विरलेला भाग कापून धड भाग जोडून, आणखी वर्ष-दोन वर्षे. त्यानंतर गोधडी किंवा बाळाची दुपटी. गोधडी फाटली की तिच्यावर नवा पदर चढवून पुन्हा शिवत. अगदीच जीर्ण झाली की पाय पुसायला, पोतेऱ्याला, आणि उरलेल्या चिंध्या चुलीवरचे भांडे उतरवायला किंवा जखमेला बांधायला.

कृष्णाच्या बोटाला लागले आणि चिंधी हवी झाली, तेव्हा सुभद्रेकडे शालू-पैठण्यांखेरीज काही सापडेना आणि द्रौपदीने मात्र नेसूचे भरजरी वस्त्र फाडून दिले, ही लोककथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. चिंधीला मोल आहे हे या कथेने घरोघरी शिकवले. गाडगेबाबा चिंध्यांचाच अंगरखा घालून गावोगाव हिंडले, तेव्हा लोकांना तो वेष परका वाटला नाही. अशी ठिगळे घरोघरी होती.

हे सांगताना आम्हांला उगाच गोडवे गायचे नाहीत. गोधडी ही बरेचदा गरजेतून झाली. रजई घ्यायला पैसे नव्हते म्हणून झाली. कंदिलाच्या उजेडात बारीक टाके घालून अनेकींची नजर अधू झाली. त्यांना कुणी विचारले नाही की हे काम आवडते का. तरीसुद्धा त्या गरजेतून जी अक्कल, जो नेटकेपणा आणि जे देखणेपण आले, ते त्यांचे स्वतःचे होते.

बाळंतविडा

शिवणकामातला आनंदाचा भाग म्हणजे बाळंतविडा. मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली की आई, आजी, मावशी, काकू मिळून झबली, टोपडी, दुपटी, लाळेरी, कुंची तयार करत. पहिले कपडे मुद्दाम जुन्या मऊ कापडाचे. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते, हे त्यामागचे साधे कारण. आजीच्या लुगड्याचे दुपटे झाले की आजीची ऊब बाळाला मिळते, अशी समजूतही होती. झबल्याला बटण नसे, नाडी असे, म्हणजे टोचायला नको आणि बाळ वाढले तरी चार महिने जास्त चालावे. कुंची डोक्यावरून पाठीवर उतरणारी, त्यामुळे वाऱ्यापासून कान आणि पाठ दोन्ही झाकली जात. तिला मात्र खणाचे किंवा जरीचे कापड वापरत, कारण बाळाला देवाला नेताना ती घालायची. आत मऊ अस्तर आणि वर खण, ही जुन्या बायकांची योजना आजच्या कुठल्याही कारखान्याला शिकण्यासारखी आहे.

यंत्र आले

घरच्या सुईला पहिला जोडीदार मिळाला तो शिवणयंत्राचा. अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये. यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते, त्यामुळे पूर्ण सुई कापडातून आरपार काढावी लागते. यंत्राच्या सुईचे नेढे पुढच्या टोकाशी. ती फक्त टोचून दोऱ्याचा फास खाली नेते आणि परत वर येते. त्या फासातून खालच्या बॉबिनचा दोरा जातो आणि दोन दोऱ्यांची मिठी कापडाच्या मधोमध बसते. एवढ्याशा युक्तीने हाताच्या शिवणापेक्षा कितीतरी पटींनी वेग आला.

सिंगरच्या कंपनीने यंत्रे हप्त्याने विकायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती आपल्या देशातही चांगलीच रुळली. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र आणले आणि देशी यंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मधल्या एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे टाके घालण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते बनवले, असे त्यांनी सांगितले आणि त्यामागच्या प्रेमाला महत्त्व दिले.

यंत्राबरोबर पोशाखही बदलला. खणाच्या चोळीच्या जागी बाह्यांचे, बटणांचे पोलके आले. मुलींना परकर-पोलके, मुलांना सदरा आणि चड्डी. यांना माप घेऊन बेतावे लागते. त्यामुळे शिवण हे नुसते पाहून उचलायचे काम न राहता शिकायचा विषय झाला.

शिवण आणि पोट

इथे आपल्या बडोद्याचा खास संबंध येतो. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला, आणि १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. निराधार बाईला स्वतःच्या पायावर उभे करायचे तर अक्षरओळखीइतकेच हातातले काम लागते, हे या मंडळींनी ओळखले होते. सेवासदनात शिवणाचे वर्ग होते ते याच विचाराने.

बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. तिथे रंगकाम, विणकाम असे धंदेशिक्षण मिळू लागले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलींनाही लागू होते. महाराणी चिमणाबाई साहेबांनी १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून स्त्रियांना कोणकोणते व्यवसाय करता येतील याचा विचार मांडला, आणि १९१४ मध्ये बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय स्थापन झाले. ज्या बाईला घराबाहेर नोकरी करणे शक्य नव्हते तिला आपल्या हातच्या कामाचे पैसे मिळावेत, ही त्यामागची कल्पना. याच महाराणी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये गृहविज्ञान शाखा सुरू झाली आणि कापड व वस्त्र हा विषय विद्यापीठाच्या पातळीवर शिकवला जाऊ लागला. ज्या कामाला ‘बायकांचा रिकामा उद्योग’ म्हणत, ते काम पदवीपर्यंत पोचले.

याचा अर्थ आमच्या घरापुरता सांगतो. आमच्या कुटुंबातल्या एक काकू ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पदरी दोन मुलगे. रावपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी शिवणयंत्र टाकले आणि आळीतल्या मुलींची परकर-पोलकी, बायकांचे ब्लाउज, दिवाळीत मुलांचे कपडे शिवून दोन्ही मुलांचे शिक्षण केले. कापड आणायला स्वतः मंगळबाजारात जात. उरलेल्या तुकड्यांतून आम्हां पुतण्यांना शाळेच्या पिशव्या मिळत. काही वर्षांपूर्वी आमच्या घराण्याची वंशावळ छापली गेली. तिच्यात पुरुषांची नावे, हुद्दे, पदव्या होत्या. काकूंचे नाव ‘यांची पत्नी’ एवढेच. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आम्ही भावंडांनी आग्रह धरून त्यांच्या नावापुढे ‘शिवणकाम करून संसार चालवला’ ही ओळ घालून घेतली. घराण्यातल्या कोणत्याही हुद्द्यापेक्षा ती कमी नाही असे आम्हांला वाटते. अशा काकू, आत्या, मावश्या आपल्या प्रत्येकाच्या घरात झाल्या असतील.

साखळी कुठे तुटली

मग हे सगळे मागे का पडले? आजच्या मुलींना हौस नाही, असे सोपे उत्तर आपण देतो. ते पुरेसे नाही आणि न्यायाचेही नाही. मुळात कापड बदलले. नऊवारीच्या जागी पाचवारी आणि सहावारी आली. पाचवारीचे, म्हणजे साडेचार मीटरचे, गोधडीच्या मापाचे दोनच तुकडे निघतात. चारांवरून दोनावर आलो. त्यानंतर नायलॉन, टेरिलिन आणि पुढे सर्व प्रकारच्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि मऊ पडत नाहीत. त्यांची गोधडी अंगाला चिकटते. म्हणजे गोधडीचा कच्चा मालच घरातून गेला.

दुसरे, वेळ गेला. घरातली बाई आता बँकेत, शाळेत, दवाखान्यात, कचेरीत काम करते. ती पगार घरी आणते आणि संध्याकाळी पुन्हा घरचे काम करते. तिच्याकडून अकरा हजार टाक्यांची अपेक्षा करणारे आपण कोण? तिसरे, तयार कपडे इतके स्वस्त झाले की शिलाईच्या पैशात नवा फ्रॉक येतो. त्यामुळे घराघरातली यंत्रे खोळ घालून कोपऱ्यात गेली आणि त्यांवर टीव्ही आला.

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली होती आणि ती आपण केली नाही. शिवण मुलींनाच शिकवले, मुलांना नाही. घरातल्या दोघांनाही बटण लावता आले असते, हेम घालता आली असती, तर अर्धे काम तरी टिकले असते. आमच्याकडे आता मुलगा आणि मुलगी दोघेही आपापली बटणे लावतात. दहा मिनिटांत शिकले.

सवडीत होणाऱ्या तीन गोष्टी

इतिहास वाचून मिटून ठेवण्यापेक्षा त्यातले थोडे हातात यावे, म्हणून धावपळीच्या घरातही होतील अशा तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, गणपतीचे कापसाचे वस्त्र. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस घ्यावा. त्याची लांब पेळू ओढावी. बोटाला दूध किंवा पाणी लावून ठरावीक अंतरावर पीळ देत गेले की मधला कापूस फुगीर मण्यासारखा राहतो. पिळाच्या जागी ओले कुंकू लावावे. सुई लागत नाही, पाच वर्षांचे मूलही शेजारी बसून करते. पूजेच्या आदल्या रात्री अर्धा तास पुरे.

दुसरी, दुपटे. घरात एखादी जुनी सुती साडी किंवा धोतर असेल तर मीटरभर चौरस असे दोन तुकडे कापावेत, एकावर एक ठेवून कडा आत दुमडाव्यात आणि चार-चार बोटांवर धावदोरा घालावा. बोट सुमारे दोन सेंटिमीटरचे, म्हणजे ओळी बारा-तेराच. रोज एक-दोन ओळी घातल्या तर आठ-दहा दिवसांत बाळाला देण्याजोगी वस्तू होते. कुणाच्या बारशाला पाकीट देण्यापेक्षा हे दिले तर जन्मभर राहते.

तिसरी, पिशवी. जुन्या पँटचा एक पाय गुडघ्याखाली कापला की नळी तयारच असते. खालचे तोंड उलट्या टिपेने दोनदा शिवावे, वरच्या कडेला हेम घालून पट्ट्याचे दोन बंद लावावेत. तासाभराचे काम. भाजीच्या चार किलो वजनाला ती सहज टिकते.

आणि शेवटी एक विनंती. गौरी जेवतील त्या दिवशी घरोघरी लेकी-सुना, माहेरवाशिणी, आत्या-मावश्या एकत्र येतील. त्या दुपारी पेटी उघडून जुन्या गोधड्या, कुंच्या, तोरणे, क्रोशाचे रुमाल बाहेर काढा. घरातल्या वयस्कर मंडळींना विचारा: ही कुणी शिवली, कधी शिवली, यात कुणाकुणाची लुगडी आहेत. ते उत्तर कापडाच्या पट्टीवर पक्क्या शाईने लिहा आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्याला चार टाक्यांनी शिवून टाका. सांगणारी माणसे आज आहेत तोवरच हे होईल. वंशावळीत ज्या बायकांची कामे आली नाहीत, ती निदान त्यांनी स्वतः शिवलेल्या कापडावर तरी येतील.

गणपती बाप्पा मोरया!